मेरिट, वशिला आणि २०० पैकी २१४

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी सहज लिहून गेलो की 'मेरिट' हा शब्द आपण तांब्यातल्या गंगाजलासारखा वापरतो, कशावरही शिंपडला की ते शुद्ध. एवढ्या एका वाक्यावर जी पत्रं आणि मेल आलेत ना, गेल्या दोन वर्षांत सगळ्या विषयांवर मिळून आले नसतील. काही जणांनी शिव्या घातल्यात, काहींनी पाठ थोपटलीय, आणि तीनचार पत्रं अशी आहेत की ती वाचून मी रात्रभर खरंच विचार करत बसलो. म्हणून यावेळी सांधेदुखी, भाडेकरू आणि सुनांचे प्रश्न सगळे पुढच्या महिन्यात, आज फक्त हेच.

"आमच्या वेळी निव्वळ गुणवत्ता होती. माझे आजोबा सांगायचे, इंग्रजांच्या आयसीएस परीक्षेत ना कुणी जात विचारायचं ना ओळख. बिघडलं ते सगळं नंतर. तुम्ही लोक हे कधी मान्य करणार?" (बँकेतून रिटायर झालेले एक वाचक, ठाणे)

साहेब, आजोबांचं अर्धं म्हणणं मी आत्ताच मान्य करतो. आयसीएस म्हणजे इंडियन सिव्हिल सर्व्हिस, इंग्रजी राज्यातली वरची सरकारी नोकरी. १८५५ च्या आधी हिंदुस्थानात साहेब म्हणून यायचं तर ईस्ट इंडिया कंपनीच्या एखाद्या डायरेक्टरने तुमचं नाव सुचवावं लागायचं. मग डायरेक्टर कुणाचं नाव सुचवणार, पुतण्याचं, भाच्याचं, मित्राच्या पोराचं. ही पोरं इंग्लंडमधल्या हेलीबरीच्या कॉलेजात दोन वर्षं काढायची आणि इकडे येऊन जिल्ह्याचे मालक व्हायची. १८५४ ला मेकॉलेच्या कमिटीने सांगितलं की हे बंद करा, उघडी परीक्षा घ्या, ज्याला जास्त मार्क त्याला नोकरी. ही साधी गोष्ट नव्हती. सत्तेतल्या माणसांनी आपल्या भाच्यांचा हक्क सोडला, हे जगात रोज घडत नाही.

पण आता तो पेपर बघा. ग्रीकला ७५० मार्क, लॅटिनला ७५० मार्क, आणि संस्कृतला ३७५, अरबीला ३७५. म्हणजे राज्य करायचं इथल्या लोकांवर, आणि इथल्या भाषेला निम्मे मार्क! परीक्षा कुठे, तर लंडनला. बोटीचं भाडं, तिथे राहण्याचा खर्च, परत आल्यावर समुद्र ओलांडला म्हणून जातीत प्रायश्चित्ताची कटकट वेगळी. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ ला पास झाले, पहिले भारतीय. नंतर आणखी काही जण पास व्हायला लागले तसं वयाची अट खाली आली, सुरुवातीला २३ पर्यंत चालायचं ते १८७० च्या दशकाच्या शेवटी १९ वर आणलं. आता १९ वर्षांच्या पोराने मुंबई-कलकत्त्यातून इंग्रजी शिकून, लंडनला जाऊन, ग्रीक-लॅटिनवाल्या ऑक्सफर्डच्या पोरांशी टक्कर द्यायची. जात कुणी विचारली नाही हे खरंच. विचारायची गरजच ठेवली नव्हती.

आणि वयावरून एक किस्सा आहे तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८६९ ला चार भारतीय एकदम पास झाले, त्यात सुरेंद्रनाथ बॅनर्जी होते आणि आपले श्रीपाद बाबाजी ठाकूर होते. या दोघांना कमिशनने सांगितलं की तुमचं वय जास्त आहे, तुम्ही बाद. का, तर मॅट्रिकच्या वेळी त्यांनी वय सांगितलं होतं ते आपल्या पद्धतीने, म्हणजे 'सोळावं लागलं' तर सोळा. आपल्याकडे आजही आज्जी असंच सांगते की! इंग्रज मोजतात पूर्ण झालेली वर्षं. शेवटी प्रकरण लंडनच्या कोर्टापर्यंत गेलं आणि दोघांना परत घेतलं गेलं. पण विचार करा, मार्क मिळवले होते, मेरिटमध्ये बसले होते, आणि अडकले कशात तर वर्ष मोजायच्या रीतीत.

दादाभाई वर्षानुवर्षं ओरडत होते की परीक्षा लंडन आणि हिंदुस्थान दोन्हीकडे एकाच वेळी घ्या. १८९३ ला ब्रिटिश पार्लमेंटमध्ये तसा ठरावसुद्धा पास झाला. अंमल कधी? १९२२ ला अलाहाबादला. मधली २९ वर्षं 'दर्जा घसरेल' हेच उत्तर चालू होतं. हा शब्द ओळखीचा वाटतो का साहेब?

त्याच जुन्या व्यवस्थेत १९१८ ला आपले चिंतामणराव देशमुख लंडनला जाऊन आयसीएसमध्ये पहिले आले, महाडजवळच्या नाते गावात जन्मलेला माणूस. मला त्याचा अभिमान आहेच. पण एक देशमुख पहिले आले म्हणून शर्यत सरळ होती असं नाही म्हणता येत. शर्यत वाकडी असूनही ते पहिले आले, असं म्हणा.

आता 'नंतर बिघडलं' याबद्दल. शाहू महाराज १८९४ ला कोल्हापूरच्या गादीवर बसले तेव्हा दरबारच्या कारभारात ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. यात कुणी कट केला होता असं मी म्हणत नाही. ज्यांच्या घरात चारपाच पिढ्या लेखणी होती ते इंग्रजी आधी शिकले, जागा त्यांना मिळाल्या, आणि जागेवर बसलेल्यांनी पुढच्यांना ओळखीतून आत घेतलं. २६ जुलै १९०२ ला महाराज इंग्लंडमध्ये असताना हुकूम निघाला की रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांना. मला त्या हुकमापेक्षा त्याच्या आजूबाजूचं काम जास्त मोठं वाटतं. नुसत्या जागा ठेवून काय होणार, त्या जागेवर बसायला शिकलेला पोरगा नको? म्हणून एकेका समाजाची बोर्डिंगं निघाली, मराठ्यांचं, जैनांचं, मुसलमानांचं, लिंगायतांचं, आणि १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट. बोर्डिंगात जेवण, राहणं, दिवा. ज्या पोराला रात्री दिवा मिळाला त्याचं मेरिट तयार झालं, इतकं ते साधं आहे.

माझंच सांगतो ना. माझे वडील कारकून होते, पगार बेताचा, पण घरात टेबल होतं, वर्तमानपत्र यायचं, आणि 'अभ्यासाला बस' म्हणून ओरडणारी आई मॅट्रिक झालेली होती. मला दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा मी गल्लीत कॉलर ताठ करून फिरलो. आमच्या मागच्या बाजूला राहणारा माझाच वर्गमित्र पहाटे चारला दूध टाकायला जायचा आणि शाळेत दुसऱ्या तासाला पेंगायचा, त्याला ५२ टक्के. त्याचे ५२ मोठे की माझे ७९, हा हिशोब मला चाळिशी ओलांडल्यावर सुचला.

"मेरिटोक्रसी हा शब्द कुणी काढला? आणि मराठीत काय म्हणायचं?" (शिक्षिका, नाशिक)

बाई, यात गंमत आहे. हा शब्द गाजवला मायकेल यंग या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९५८ च्या पुस्तकात, आणि तो चेष्टेने! त्याने भविष्यातला इंग्लंड रंगवला होता, जिथे बुद्ध्यांक अधिक मेहनत म्हणजे मेरिट असा फॉर्म्युला आहे आणि त्यावरून प्रत्येकाची जागा ठरते. वर बसलेले हुशार लोक इतके माजतात की त्यांना वाटतं आपल्याला सगळं आपल्या लायकीने मिळालंय, आणि खाली राहिलेल्यांकडे तर तक्रार करायलाही तोंड उरत नाही, कारण सिस्टीमनेच सांगितलंय की तुमची लायकी नाही. शेवटी बंड होतं. म्हणजे पुस्तक होतं धोक्याची पाटी, आणि लोकांनी ती गावाच्या नावाची पाटी समजून तिकडेच गाडी घेतली. २००१ मध्ये म्हाताऱ्या यंगने पेपरात लेख लिहून वैताग व्यक्त केला, तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर हा शब्द कौतुकाने वापरत होते म्हणून.

मराठीत 'गुणवत्ताशाही' म्हणतात. मला 'लायकीराज' आवडतो, कारण त्यात थोडा डंख आहे आणि मूळ शब्दातही तो होता.

"२०२३ च्या तलाठी भरतीत २०० मार्कांच्या परीक्षेत कुणाला तरी २१४ मार्क पडले. हे कसलं मेरिट? हे कसं शक्य आहे ते एकदा समजावून सांगा, नाहीतर मान्य करा की घोटाळा आहे." (एक वाचक, परभणी)

दादा, तुमचा राग समजतो, जानेवारी २०२४ ला निकाल लागला तेव्हा चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत सगळीकडे हाच विषय होता. २१४ चा आकडा मात्र आला नॉर्मलायझेशनमधून. दहा लाखांवर अर्ज, जागा साडेचार हजारांच्या वर, एवढ्या लोकांना एका दिवशी कॉम्प्युटरसमोर कुठे बसवणार, म्हणून पन्नासच्या वर शिफ्टमध्ये परीक्षा झाली. प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा. तुमच्या शिफ्टला पेपर अवघड आला आणि माझ्या शिफ्टला सोपा आला तर तुमच्या १५० ची किंमत माझ्या १५० पेक्षा जास्त असायला पाहिजे, हे तर पटतं ना? मग गणिताने अवघड शिफ्टचे मार्क वर ओढतात. आता अवघड शिफ्टमधला जो सगळ्यात पुढे आहे त्याचे मार्क वर ओढले की ते २०० च्या पलीकडेही जाऊ शकतात, कारण फॉर्म्युल्याला कुठे माहितीये की वर छप्पर आहे.

एवढं सगळं गणित बरोबर असलं तरी तुमच्या प्रश्नातला काटा राहतोच. मेरिट ही अशी चीज आहे की ती नुसती खरी असून चालत नाही, हरलेल्या माणसाला ती खरी दिसावी लागते. जो जिंकला तो तसाही खूष. परभणीतल्या ज्या पोराचं अर्ध्या मार्काने गेलं त्याला जर वाटलं की पेपर फुटला असेल, सेंटरवर सेटिंग असेल, तर ती परीक्षा समाज म्हणून फेल गेली. २०२४ ला मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचं तेच झालं, आधी ६७ जणांना ७२० पैकी ७२०, मग १,५६३ जणांना ग्रेस मार्क दिल्याचं निघालं, मग पेपर फुटल्याचे गुन्हे. त्यानंतर खऱ्या मेहनतीने ७२० काढणाऱ्या पोरालाही शेजारी विचारायला लागले, 'खरंच का रे?' पेपर फोडणारा नुसती सीट चोरत नाही, बाकी सगळ्यांच्या मार्कांना डाग लावून जातो.

ही काळजी किती जुनी आहे माहितीये? चीनमध्ये सरकारी नोकरीची परीक्षा साधारण इसवी सन ६०५ च्या सुमारास, सुई घराण्याच्या काळात सुरू झाली आणि थेट १९०५ ला बंद झाली. तेराशे वर्षं! सोंग घराण्याच्या वेळेपर्यंत त्यांनी काय काय केलं होतं बघा, उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकायचं, आणि तपासणाऱ्याने अक्षर ओळखू नये म्हणून कारकुनांनी अख्खी उत्तरपत्रिका दुसऱ्या हाताने उतरून काढायची आणि मग ती तपासायला जायची. आपला बारकोड स्टिकर त्यापुढे पोरखेळ.

आणि त्यांनाही आपलाच प्रश्न पडला होता. १३९७ ला निकाल लागला तर पास झालेले झाडून सगळे दक्षिणेकडचे. दक्षिण श्रीमंत, तिथे शाळा, पुस्तकं, शिकवणारे; उत्तर लढायांनी पिळवटलेली. बादशहाने पेपर परत तपासायला लावले, तपासणारे म्हणाले निकाल बरोबर आहे, दक्षिणवाल्यांचेच पेपर चांगले आहेत. बादशहा भडकला, परीक्षकांना शिक्षा दिल्या, परत परीक्षा घेतली आणि यावेळी सगळे उत्तरेचे पास. हा तर निव्वळ जुलूम झाला. पण तीस वर्षांनी, १४२७ ला, त्यांनी शांत डोक्याने मार्ग काढला, १०० जागांपैकी ५५ दक्षिणेला, ३५ उत्तरेला, १० मधल्या प्रांतांना. कोटा! सहाशे वर्षांपूर्वी! परीक्षा तीच, पेपर तपासायची पद्धत तीच, फक्त ज्यांच्या गावात शाळाच नाही त्यांना शाळावाल्यांशी थेट भिडवायचं नाही एवढंच. तेव्हा कोटा आला की मेरिट मेलं असं म्हणणाऱ्यांनी मेरिटच्या माहेरी काय चाललं होतं ते बघावं.

"इथे अमेरिकेत सगळे म्हणतात की हा देश मेरिटवर चालतो. आम्ही भारतातून तेवढ्यासाठीच आलो, तिथल्या आरक्षणाला कंटाळून. आता मुलगा बारावीला आहे आणि इथल्या ॲडमिशनचं बघून डोकं चक्रावलंय." (न्यू जर्सीहून एक आई)

ताई, डोकं चक्रावणं बरोबर आहे. जून २०२३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने हार्वर्डच्या केसमध्ये वंश बघून ॲडमिशन देणं बंद केलं. पण त्याच केसमध्ये जो डेटा बाहेर आला तो वाचण्यासारखा आहे. साधारण २००९ ते २०१४ च्या ॲडमिशन तपासल्या तर हार्वर्डमध्ये प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त मुलं चारपैकी एका खिडकीतून आलेली होती: खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, देणगीदारांशी वगैरे संबंधित अशी डीनच्या यादीतली मुलं, आणि तिथल्या स्टाफची मुलं. आशियाई वंशाच्या मुलांत हेच प्रमाण १६ टक्क्यांच्या आत. कोर्टाने वंशाचा विचार काढला, बापाच्या डिग्रीचा विचार तसाच राहिला. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून ही माजी विद्यार्थ्यांच्या मुलांची सवलत बंद केली, बाकी ठिकाणी कुठे चालू कुठे बंद.

आणि रागावणार नसाल तर अजून एक. आपली माणसं तिकडे यशस्वी आहेत ते हुशार आहेत म्हणून, हे आहेच, पण १९६५ ला अमेरिकेने इमिग्रेशनचा कायदा बदलला त्यात शिकलेल्या, कौशल्यवाल्या लोकांना दार उघडलं. म्हणजे इकडून जे गेलं ते आधीच चाळून गेलं. आणि ती चाळणी कुठे लागली होती, तर सरकारी पैशाने चालणाऱ्या आयआयटीत, पुण्याच्या सीओईपी आणि मुंबईच्या व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजांत, जिथे त्या काळची फी आजच्या एका पिझ्झाएवढी नसेल. तेव्हा इथून जाताना मेरिट सोबत नेलं हे बरोबर, त्याचं बिल मात्र इथल्या रॉकेल घेणाऱ्या माणसाने टॅक्समधून भरलं होतं.

मुलाला शुभेच्छा. निबंध स्वतःचा स्वतः लिही म्हणावं, कन्सल्टंटला देऊ नका.

"सर तुम्ही मेरिटला इतके टोमणे मारता, मग काय वशिलाच बरा का? आमच्यासारख्यांचा ना काका आमदार ना मामा सेक्रेटरी. परीक्षा हाच आमचा एक आधार आहे." (बी.ए. तिसरं वर्ष, सांगली)

हे पत्र मी तीनदा वाचलं. मित्रा, तुझं शंभर टक्के बरोबर आहे आणि मी वर जे काही लिहिलं ते वाचून कुणाला वाटत असेल की मी परीक्षा बंद करा म्हणतोय तर तो दोष माझा.

परीक्षा नसली की काय होतं ते बघायचं तर ब्रिटिश आर्मी बघ. १८७१ पर्यंत तिथे ऑफिसरची हुद्द्याची जागा चक्क विकत मिळायची, पायदळात लेफ्टनंट कर्नल व्हायचा सरकारी भाव ४,५०० पौंड. बापाकडे पैसा असेल तर रेजिमेंट तुझी, नसेल तर तू वीस वर्षं लढून कॅप्टनच. क्रिमियाच्या लढाईत त्याची किंमत साध्या शिपायांनी मोजली.

आणि आपल्याकडे बघ. शिवाजी महाराजांनी वतनाची कीड बरोबर ओळखली होती. अधिकाऱ्याला रोख पगार, गाव तोडून द्यायचं नाही, बापाची जागा आपोआप मुलाला नाही, किल्ल्यावर हवालदार, सबनीस, सरनोबत असे तिघे जण ठेवायचे म्हणजे एकट्याच्या हातात किल्ला जाणार नाही. महाराजांनंतर औरंगजेब वतनाचं आमिष दाखवून माणसं फोडायला लागला तेव्हा राजाराम महाराजांच्या काळात आपल्याकडूनही वतनं, सरंजाम द्यावे लागले, त्या वेळची ती मजबुरीच होती. पण एकदा सुरू झालं की थांबतं का? १७१३ ला बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले ते स्वतःच्या कर्तबगारीवर. १७२० ला त्यांचा मुलगा बाजीराव, विशीचा पोरगा, दरबारातले जुने जाणते नको म्हणत असताना साताऱ्याच्या शाहू महाराजांनी (वरचे कोल्हापूरचे नव्हेत, हे आधीचे) त्याला पेशवाई दिली, आणि काय माणूस निघाला! आता याला वशिला म्हणायचं का मेरिट, तू सांग. त्याच बाजीरावाने मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे यांच्यासारखी साध्या घरातली माणसं हेरून वर आणली. इथपर्यंत झकास. पण मग पेशवाई घराण्याची झाली ती १८१८ पर्यंत, होळकरी-शिंदेशाहीसुद्धा घराण्याची झाली, आणि गुणावर वर आलेल्यांच्या नातवंडांनी गुण न विचारता गाद्या सांभाळल्या. माझी तक्रार मेरिटशी नाहीच, ती इथे आहे. मेरिटने आत आलेला माणूस दार मागे ओढून घेतो आणि पोराच्या हातात किल्ली देतो. पूर्वी वतन द्यायचे, आता लाखांचा क्लास, इंटरनॅशनल स्कूल आणि बाबांच्या मित्राकडे इंटर्नशिप देतात. यात कुणी वाईट माणूस नाही हं, मी पण माझ्या मुलीसाठी हेच केलं.

'लातूर पॅटर्न' आठव. पुण्या-मुंबईच्या शाळांची बोर्डातली मक्तेदारी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याने मोडून दाखवली, ती निव्वळ मेहनतीवर, मास्तरांच्या आणि पोरांच्या. आज त्याच लातुरात क्लासची फी, रूमचं भाडं, मेसचा डबा जोड, आणि मग सांग कोरडवाहू दोन एकरवाल्याच्या पोराला तो पॅटर्न परवडतो का.

वशिल्याचा अनुभव विचारशील तर मलाही आहे. एका शिक्षणसंस्थेत (नाव नको) तरुणपणी मी मुलाखतीला गेलो होतो, बाहेर बाकावर आम्ही अकरा जण. शिपाई पाण्याचा ग्लास देताना हळूच म्हणाला, 'साहेब, तुम्ही लांबून आलाय म्हणून सांगतो, ज्याला घ्यायचंय तो आत चहा पितोय.' त्या दिवशी मला कुणी कितीही वाकडा, कितीही ग्रीक-लॅटिनवाला लेखी पेपर दिला असता ना तरी मी आनंदाने सोडवला असता. तेव्हा परीक्षा सोडू नकोस. पेपर कोण काढतं, कुठल्या भाषेत काढतं, फॉर्मची फी किती ठेवतं, यावर मात्र भांडत राहा.

"सर, मी बीड जिल्ह्यातली, तीन वर्षं सदाशिव पेठेत राज्यसेवेची तयारी करतेय. यावेळी प्रिलिम दीड मार्काने गेली. घरी सगळे म्हणतात तुझ्यात तेवढं नाहीये, लग्न कर. रूम पार्टनर पास झाली, आम्ही एकाच अभ्यासिकेत बसायचो, एकच पुस्तकं. खर्च कमी करायला रात्रीचा डबा बंद केलाय. माझ्यात खरंच मेरिट नाही का?"

तुला अहो-जाहो करत नाही, माझ्या मुलीच्या वयाची आहेस.

आधी हिशोब करू. राज्यसेवा प्रिलिमला जीएसचा, म्हणजे सामान्य अध्ययनाचा, एक प्रश्न २ मार्कांचा, चुकला की पाव हिस्सा म्हणजे अर्धा मार्क कापतात. म्हणजे एका प्रश्नात बरोबर गोल आणि चुकीचा गोल यात अडीच मार्कांचं अंतर. तुझं दीडने गेलं. म्हणजे एका प्रश्नाच्याही आत. एखाद्या ठिकाणी दोन ऑप्शनमध्ये अडकून तू 'ब' काळा केलास आणि तुझ्या मैत्रिणीने 'क' केला, एवढंच तुमच्या दोघींत अंतर असू शकतं. आयोगाला रेघ कुठेतरी ओढावीच लागते, त्यांचा इलाज नाही, पण ती रेघ म्हणजे तुझ्या आणि तिच्या अकलेतली भिंत आहे असं आयोगसुद्धा म्हणत नाही. ते घरचे म्हणतायत, आणि आता तू म्हणायला लागलीस.

दुसरं. १९०७ ला एल्फिन्स्टन हायस्कूलमधून एक मुलगा मॅट्रिक झाला, ७५० पैकी २८२ मार्क. टक्के काढ, ३८ पण भरत नाहीत. त्याला संस्कृत शिकायचं होतं पण अस्पृश्य म्हणून शिकवायला नकार मिळाला, फारसी घ्यावी लागली. आणि त्या काळी मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट स्कॉलरशिप मिळायची, केवढा मान तो. वर ज्या चिंतामणराव देशमुखांचं लिहिलं त्यांनी १९१२ ला ती मिळवली, मॅट्रिकला पहिले आले ते. आता १९५० चं दिल्लीतलं मंत्रिमंडळ बघ, अर्थमंत्री देशमुख, कायदामंत्री डॉ. आंबेडकर. १९१२ चा पहिला आणि १९०७ चा २८२ वाला एकाच टेबलावर. मधे सयाजीराव गायकवाडांची स्कॉलरशिप होती, कोलंबिया होतं, लंडन होतं, आणि त्यासाठी कुणी त्याचे मॅट्रिकचे मार्क बघून दार लावून घेतलं नव्हतं.

हे मी 'तू पण आंबेडकर होशील' म्हणून सांगत नाहीये, असल्या भाषणांचा मलाच कंटाळा येतो. जागा थोड्या, पोरं लाखोंनी, यात बहुतेकांचं सिलेक्शन होत नाही आणि होणारही नाही, हे तुला अभ्यासिकेतली मोटिव्हेशनवाली पोस्टर सांगणार नाहीत म्हणून मी सांगतो. स्वतःला एक मुदत घाल, अजून एक अटेम्प्ट किंवा दोन, कागदावर लिही, आणि शेजारी दुसरा रस्ता आत्तापासून चालू ठेव, सरळसेवा असेल, बँकिंग असेल, बी.एड. असेल, जे तुला जमेल ते. लग्नाचं तू तुझं ठरव, त्याचा आणि प्रिलिमचा काही संबंध नाही हे घरच्यांना माझं नाव सांगून सांगितलंस तरी चालेल.

आणि रात्रीचा डबा आधी सुरू कर.